दोन उड्या

म्याऊराणी आणि मी, आमची जोडी म्हणजे ऑनलाइन गेममधली दहशत! पण त्या गेममध्ये ना बोलायची सोय, ना मैत्रीण म्हणून कुणाला जोडून घ्यायची. म्हणून आम्हीच खेळता खेळता एक खूण ठरवली होती. दोन उड्या म्हणजे ‘हो’. ही म्याऊराणी कोण, कुठली, काही विचारता यायचं नाही. एकदा तरी तिला भेटावं असं फार वाटायचं.

आमच्या वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारी जान्हवी मात्र वर्षभर माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

“लई शिष्ट हाय ती,” मी आईला म्हणायचे.

“तू तरी कवा बोललीस?” आई म्हणायची.

आज ते लोक खोल्या सोडून हैदराबादला निघाले. मी गच्चीतून बघत होते. गाडीत बसताना तिच्या आईने विचारलं, “जानू, सगळं घेतलंस ना?”

जान्हवीने जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

“अगं, तोंडाने हो म्हण की! काय मेलं त्या गेमचं खूळ!”

मी धावत खाली आले आणि फाटकासमोर दोन उड्या मारल्या. परत दोन. गाडी केव्हाच पौड रोडला लागली होती.