शेवटची भट्टी

"सुतकात कोणी कारखाना चालवते काय, जयमाला?" किसनराव दारातूनच म्हणाले. "शालिग्रामचं दहावं तरी होऊ दे."

"तेल थांबत नाही, काका. रोज जास्तच आंबट होऊन राह्यलं." जयमालानं बत्ता खाली ठेवला नाही.

मलकापूरबाहेरच्या या पत्र्याच्या शेडात किसनरावांच्या शेतकरी गटाच्या सरकीचं तेल यायचं आणि इंजिनात चालेल असं इंधन होऊन जायचं. यंदा बीटी कपाशीलाही बोंडअळी लागली. सरकी किडकी, तेल आंबट. इंधन करायला त्यात कॉस्टिक सोडा घातला की अर्ध्याचा साबण व्हायचा, आणि धुण्याचं पाणी नाल्यात गेलं की खालच्या विहिरी फेसाळायच्या. रसायनशास्त्र शिकून परतलेल्या जयमालानं वडिलांना, शालिग्रामांना, दुसरी वाट दाखवली होती. मेलेल्या बैलांची हाडं भट्टीत पांढरीफेक होईस्तोवर भाजायची आणि त्यांची पूड तेलात घालायची. पूड काम करते, पण स्वतः खर्ची पडत नाही. गाळून घेतली की पुन्हा तीच.

हाडं हबीबचाचा आणायचे, भाजायचे शालिग्राम. त्या भट्टीपाशी बसल्या बसल्याच ते गेले.

"आजचा घाणा नासला तर गट कॉस्टिकवर जाईन," किसनराव बाकावर टेकत म्हणाले. "मग मले बोल लावू नको."

"नाही लावत."

"गोकुळ निघाला काय?"

"काल दुपारच्या गाडीनं. नाशिकले."

धाकट्या भावानं बाबांच्या अस्थींचं मडकं शेडातूनच उतरवून नेलं होतं. अस्थी घराच्या उंबऱ्याच्या आत आणायच्या नसतात, असं आईचं म्हणणं.

हबीबचाचांनी शेगडी पेटवली. "बारीक कर, बेटी. शालिग्रामच्या हातचा शेवटचा माल आहे. भट्टी मीच उपसली. जमिनीवर नाही ठेवला. कोऱ्या मडक्यात भरला, फडकं बांधलं अन् वर टांगला."

"काऊन? लोणचं होतं काय?" किसनराव म्हणाले.

"दोस्त होता."

जयमाला कुटत राहिली. आजचे तुकडे हलके होते, बत्ता लागला की चुरा व्हायचे. सकाळपासून तिला मागे कोणीतरी उभं असल्यासारखं वाटत होतं. दोनदा तिनं वळून पाहिलं. पांढरी पूड मनगटापर्यंत बसली होती. बाबांच्या हातचं म्हणून तिनं ती झटकली नाही.

तेल तापलं. मिथेनॉल गेलं, पूड गेली. हबीबचाचा ढवळत राहिले. ढवळणं थांबलं तेव्हा तिघंही काचेच्या नळीकडे बघत होते. बराच वेळ सगळं गढूळच होतं. मग तळाशी ग्लिसरीनचा घट्ट तपकिरी थर बसू लागला, आणि वर सोनेरी, आरपार दिसणारं इंधन उरलं. साबणाचा मागमूस नव्हता.

किसनरावांनी बोट बुडवून चोळलं. "हाव. जमलं." त्यांचा आवाज खाली आला. "कॉस्टिक नाही आणत आता. शालिग्राम गेला, पण गटाच्या कामी येऊन राह्यला."

जयमालानं पूड कापडातून गाळली, पिळली, पुढच्या घाण्यासाठी ताटात पसरली. आठवड्यात पहिल्यांदाच तिला रडू आलं, आणि बरंही वाटलं.

फोन वाजला. गोकुळ होता. मागे पाण्याचा आणि मंत्रांचा आवाज.

"ताई, रामकुंडावर आहो. आत्ताच मडक्याचं फडकं सोडलं. गुरुजी विचारून राह्यले, बाबाच्या अस्थीत ही बैलाची दाढ कुठून आली?"