फोनातली बाई

“यांना दिसत नाही ना? मग एवढा भारी फोन कशाला?” दुकानदार सोमेशनं विचारलं ते महेश्वरीला. बंडप्पाकाका तिच्या शेजारीच, काउंटरवर दोन्ही हात टेकून बसले होते.

“मला विचार,” काका म्हणाले. “फोन मला घ्यायचाय.”

सोमेश ओशाळला. मुरुमसारख्या गावात आयफोन मागायला येणारं गिऱ्हाईक आधी कॅमेरा विचारतं. काकांनी कॅमेऱ्याचं नावही काढलं नाही. पडद्यावरचं मराठी तो स्वच्छ वाचून दाखवतो का, एवढंच त्यांना हवं होतं.

“अँड्रॉइडवर पण वाचतोच की, काका.”

“वाचतो. पण माझा जुना झालाय, लई अडखळतो. सास्तूरच्या योगीराजकडं हा हाय. त्यालाबी माझ्यासारखं दिसत न्हाय. हिच्या साखरपुड्यादिवशी दिवसभर त्याच्याकडं बसून शिकलो.”

महेश्वरीनं चमकून काकांकडं पाहिलं. साखरपुड्याच्या सकाळी काका घरात सांगून गेले होते की योगीराज आजारी आहे, भेटून येतो. आजारी माणूस दिवसभर फोन शिकवत बसला होता?

आणि जुना फोन वाचतो म्हणजे काय वाचतो?

आठ वर्षांपूर्वी काचबिंदूनं काकांचे डोळे गेले. त्याआधी ते शिलाईकाम करायचे. महेश्वरीच्या अंगावरचा शाळेचा प्रत्येक गणवेश त्यांच्या मशीनवरचा होता. डोळे गेल्यावर घरच्यांनी त्यांना फोन घेऊन दिला आणि बिराजदार परिवाराच्या ग्रुपात घातलं. काकांना काही कळवायचं असलं की घरचे बोलून आवाज पाठवायचे. आपसातलं काही असलं की लिहायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. लिहिलेलं काकांपर्यंत पोचत नाही, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. काका कानात वायर घालून पडवीत बसायचे, तेव्हा भजनं ऐकतात असंच सगळ्यांना वाटायचं.

“जुन्या फोनातले मेसेज पण आणू का यात?” सोमेशनं विचारलं.

“नको,” महेश्वरी घाईनं म्हणाली. “जुना कचरा कशाला? नवा फोन नवाच राहू द्या.”

“आण,” काका म्हणाले. “समदं आण.”

सोमेशनं दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले. पडद्यावर निळी रेघ सरकू लागली. महेश्वरी त्या रेघेकडं बघत राहिली. ती मध्येच अडकावी, वीज जावी, काहीतरी व्हावं, असं तिला वाटत होतं. काका मात्र सोमेशला नव्या फोनवर बोटं कशी फिरवायची ते विचारत होते.

रेघ पुरी झाली. सोमेशनं वाचणारा आवाज चालू केला आणि ग्रुप उघडून मागं मागं नेला.

“हे बघा, फेब्रुवारीतलं पण आलंय,” असं म्हणून त्यानं फोन काकांच्या हातात दिला. काकांचं बोट पडद्यावर टेकलं.

फोनातली बाई खणखणीत आवाजात बोलू लागली. “महेश्वरी. साखरपुड्याला बंडप्पाकाकांना पुढं बसवू नका. पाहुण्यांना वाटेल, डोळ्यांचा आजार आपल्या घराण्यातच आहे. त्यांना दुसरीकडं कुठं पाठवता आलं तर बरं.”

चार्जर घ्यायला आलेल्या एका बाईनं मान वळवून पाहिलं. सोमेश खाली वाकून उगाच रिकामी खोकी आवरू लागला. महेश्वरीचे कान तापले. फोन हिसकावून घ्यावा म्हणून तिनं हात पुढं केला, पण तो वाटेतच थांबला. आता हिसकावून काय उपयोग होता? काकांनी आत्ता ऐकलं होतं. आता ते काय म्हणतील, म्हणून ती त्यांच्या चेहऱ्याकडं बघत राहिली.

काकांचा चेहरा जराही हलला नाही.

“ह्याच्याखाली वैनीचा अंगठा हाय,” ते सोमेशला म्हणाले. “तो आलाय का बघू.” त्यांनी बोट खाली सरकवलं.

“सत्यभामा. अंगठा वर,” फोन म्हणाला.

“आलाय. समदं नीट आलंय.”

महेश्वरी बाजूच्या स्टुलावर बसली. काकांना हे सगळं पाठ होतं. योगीराज आजारी नव्हताच. काका त्याला भेटायला जाणार हे कळलं तेव्हा तिची आई सत्यभामा देवाला हात जोडून म्हणाली होती, बरं झालं बाई, आपल्याला तोंड उघडावं लागलं नाही. आणि महेश्वरी? तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. हातावर मेंदी काढत ती हसली होती. काकांच्या वाटणीचा पेढाही त्या दिवशी कुणी बाजूला ठेवला नव्हता.

“काका,” ती म्हणाली, “तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग मला का नाही बोललात? एक थोबाडीत द्यायची होती.”

काकांनी फोन बंद केला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग तिच्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

“तुला कशाला बोलू? ते तर ही फोनातली बाई बोलली. तुझा आवाज म्या वळखत न्हाय व्हय, माय?”