समोरच्यांचा पंप

"पाठककाका, हा नवा पंप आता बाजारात आणायचा नाही," धवल म्हणाला. कंपनीचा तरुण मालक, पण नजरेला नजर देईना. "मुंबईच्या गुंतवणूक फंडाने आपले शेअर घेतले, तसे समोरच्यांचेही घेतलेत. आता दोघांनी भांडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे."

नगरच्या एमआयडीसीत एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन पंपवाले. वीस वर्षं त्यांच्यात विस्तव जात नव्हता. समोरच्यांचा नवा पंप बाजारात आला की इकडचे इंजिनिअर मार्तंड पाठक पहिल्याच दिवशी तो विकत आणून खोलत. समोरचे इंजिनिअर वैजनाथ गाडेकरही तेच करत. दोघांना एकमेकांचे पंप आतून पाठ होते. बोलणं मात्र एका शब्दाचं नाही.

हा पंप पाठकांनी चार वर्षं खपून केला होता. व्होल्टेज कितीही पडलं तरी न जळणारा. चाचणीसाठी खर्ड्याच्या राहीबाईंच्या विहिरीवर लावलेला. तिथे दर उन्हाळ्यात मोटार जळायची आणि बाई डोक्यावर पाणी वाहून लिंबाची झाडं जगवायच्या. परवाच त्यांचा फोन आला होता.

"सायेब, औंदा मोटार जळली न्हाई. गावात समदी इचारत्यात, कदी मिळनार?"

"दिवाळीला," पाठक मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. आता त्या बाईंना काय तोंड दाखवायचं?

भांडायचं नाही, म्हणजे एकाने माघार घ्यायची. ती आपल्या वाट्याला आली, समोरच्यांचा पंप बाजारात येणार, हे ते धरूनच चालले. तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळे आराखडे एका फायलीत घातले, आणि जन्मात पहिल्यांदा रस्ता ओलांडून समोरच्या गेटातून आत गेले.

गाडेकर उठून उभे राहिले. पाठकांनी फाईल पुढे केली.

"नाव तुमचंच लावा. पण असा पंप निघू द्या. खर्ड्याला लोक वाट बघतायत."

गाडेकरांनी फायलीला हात लावला नाही. खण उघडून तशीच एक जाडजूड फाईल काढली आणि तिच्याशेजारी ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते.

"आमचाही असाच न जळणारा पंप थांबवलाय, पाठकसाहेब. जुने पंप जळतात म्हणून तर दोघांचे नवे खपतात, असा मुंबईच्या फंडाचा हिशोब. मी उद्या ही फाईल घेऊन तुमच्याकडेच येणार होतो."