समोर बसून

आई गेल्यानंतर बाबा आज पहिल्यांदाच घराबाहेर पडले, तेही तिचा माउथ ऑर्गन घेऊन शिकवणीला. इथे काही बिनसलं, तर ते पुन्हा उंबरठा ओलांडणार नाहीत, या धास्तीने मी दाराशीच बसले होते. "सूर चढवायचाय, उजवीकडे सरका," बाई म्हणाल्या. सगळ्यांचे सूर चढले, बाबांचा धाडकन खाली आला. मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी जवळ येऊन पाहिलं. "काका, उलटा धरलाय तुम्ही. खालचे सूर डाव्या हाताला हवेत. कोणी शिकवलं असं?" "शिकवलं कोणी नाही. ही वाजवायची, मी समोर बसून बघायचो." बोलता बोलता त्यांच्याच लक्षात आलं, आईचं डावं त्यांनी उजवं म्हणून गिरवलं होतं. माउथ ऑर्गन खिशात टाकून ते उठले. मी पर्स उचलली. दोन पावलं टाकून ते थांबले. "बाई, मग तुम्ही समोर उभ्या राहू नका. शेजारी बसून दाखवा." बाईंनी खुर्ची ओढली. बाबांनी माउथ ऑर्गन फिरवून ओठांना लावला, पण फुंकलाच नाही. समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. मग माझ्यावर खेकसले, "तू काय पाहुण्यासारखी दारात बसलीस? इकडे ये. समोर बस." मी गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ जाऊन बसले. पहिला सूर चुकला, दुसराही चुकला. "हसू नकोस," ते म्हणाले. मी हसत नव्हते.