शेगडीची जागा

ओटा भिंतीपासून पुढे हॉलकडे काढायचा आणि पलीकडून बसायला दोन उंच खुर्च्या ठेवायच्या, इथपर्यंत आमचं जमलं. घोडं अडलं ते शेगडीपाशी. डिझायनर म्हणाली, "शेगडी भिंतीला लावू, चिमणी सोपी पडेल." पण आमचे हे ऐकेनात. शेगडी पुढच्या ओट्यावरच हवी, तीही यांच्या खुर्चीच्या अगदी समोर!

तीस वर्षांत ज्या माणसानं स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, त्याला आता तिथे पाठीला टेकू असलेली खुर्ची हवी. पाळत ठेवायची असणार माझ्यावर. हल्ली मी बोलत असले की बघतातही कसे, तोंडाकडे टक लावून.

डिझायनरसाठी चहा ठेवायला मी वळले आणि भिंतीकडे बघतच यांना विचारलं, "एवढा संशय येतो का माझा?"

उत्तर नाही. जरा मोठ्यानं विचारलं. तरी नाही. मी वळून बघितलं, तसे हे गडबडले.

"हो हो," घाईघाईनं म्हणाले, "पण मला अर्धाच कप."

मी गॅस बारीक केला.

"शेगडी यांच्यासमोरच घ्या," मी डिझायनरला म्हटलं. "आणि वर दिवा चांगला द्या. माझ्या तोंडावर उजेड पडेल असा."