चाळीस दिवसांची चिठ्ठी

"घरी जाऊन उघडायची. कुणाला दाखवायची नाही," आसावरीताईने बजावलं आणि वेताची टोपली समीक्षापुढे धरली.

लोणावळ्याच्या चर्चमागच्या हॉलमध्ये तरुण संघ गोल करून बसला होता. हजर चौदा जण. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. तिच्यात ज्याचं नाव निघेल त्याच्यासाठी बुधवारपासून ईस्टरपर्यंत, लेंटचे म्हणजे उपवासकाळाचे, रविवार न मोजता चाळीस दिवस, रोज प्रार्थना करायची. जमेल तसे गुपचूप लाडही करायचे. नाव फोडायचं ते ईस्टरच्या सकाळीच.

शेवटी टोपलीत एक चिठ्ठी उरली. ती विहंगच्या वाट्याची. तो आत्याकडे नाशिकला गेला होता.

"मावशी, टोपलीतली तेवढी राहू द्या," जाता जाता ताईने नंदाबाईंना सांगितलं. "ज्याची त्याला मिळेल."

"व्हय," नंदाबाई म्हणाल्या. त्या कुसगावच्या. हॉलची झाडलोट आणि संघाचा शनिवारचा चहा त्यांच्याकडे होता. चहाबरोबर एक वडापाव त्यांच्या नावचा ठरलेला, आणि त्या वड्यावर त्यांचा भारी जीव.

समीक्षाने घरी चिठ्ठी उघडली. सार्थक. तिने कपाळाला हात लावला. जो आपल्याला उठता-बसता टोमणे मारतो त्याच्यासाठी चाळीस दिवस प्रार्थना!

पण तिची खरी काळजी वेगळीच होती. यंदा साक्ष द्यायची पाळी तिची होती. ईस्टरला मंडळीपुढे उभं राहून सांगायचं, मी विश्वास का ठेवते. त्या 'का'पाशीच तिचं अडायचं. आई चर्चला जाते म्हणून मीही जाते, एवढं सांगून खाली बसायचं? की खोटं बोलायचं, आणि तेही तिथे?

पहिल्या शनिवारी संघ जीपने पवनानगरला गेला. धरणावर मासेमारी करणाऱ्यांच्या मुलांना गोष्टी सांगायच्या, त्यांच्याकडून वाचून घ्यायचं. समीक्षाचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचला नाही.

"हिला कुणीतरी सायलेंटवर टाकलंय," परत आल्यावर सार्थक हॉलभर सांगत सुटला. नंदाबाई कप विसळत होत्या.

पुढच्या शनिवारी समीक्षाच्या सॅकमध्ये कागदाची पुडी निघाली. आत खडीसाखर.

मग दर शनिवारी काही ना काही निघायला लागलं. तिखट-मीठ लावलेली कैरीची फोड. पानाच्या द्रोणात कच्ची करवंदं. बाकीच्यांना रंगीत पेनांनी लिहिलेली बायबलची वचनं मिळायची. हिला अक्षरही नाही.

"तुझ्यासाठी प्रार्थना चाललीय की डबा?" संघातल्या मानसीने विचारलं.

एकदा सॅकच्या चेनला काळा दोरा बांधलेला दिसला, तीन गाठी मारलेला. समीक्षाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आसावरीताई तर बसल्या बसल्या दोऱ्यांच्या राख्या विणत असते!

ताई! आपल्यासाठी रोज ताई गुडघे टेकते! समीक्षा त्या दिवशी घाटातल्या वाऱ्यासारखी घरी गेली. आईने न सांगता, पहिल्यांदाच, एकटी प्रार्थनेला बसली. सार्थकसाठीसुद्धा मनापासून दोन वाक्यं बोलली. चौथ्या शनिवारी पवनानगरची शेवटच्या रांगेतली मुलं पुढे सरकून ऐकायला लागली.

"मावशी, वडा," त्या दिवशी तिने नंदाबाईंना कागद पुढे केला.

"नगं. सोडलाय."

"अजून? गेल्या शनिवारी पण नाही म्हणालात. नवस बोललाय की काय?"

"सांगायचं नसतं, पोरी. गुण जातो."

"डॉक्टरांनी तेल बंद केलंय, दुसरं काय," सार्थक म्हणाला आणि तो वडा त्यानेच संपवला. नंदाबाई शेवटच्या घासापर्यंत बघत राहिल्या.

साक्ष आता समीक्षाला तोंडपाठ होती. 'मी विश्वास ठेवते, कारण माझ्यासाठी कुणीतरी रोज मागतं, आणि ते मला लागू पडतं.'

ईस्टरची सकाळ. आधी चिठ्ठ्या, मग साक्ष. समीक्षाने सार्थकला चिठ्ठी दिली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ताई उठली. समीक्षाने हात पुढे केला. ताई तिला ओलांडून मानसीपाशी गेली.

बघता बघता सगळ्यांच्या हातात चिठ्ठ्या आल्या. समीक्षाचा हात रिकामा.

"विहंग, तुझ्याकडे असेल," ताई म्हणाली.

"मला कुठे मिळाली? मी आलो तेव्हा टोपली रिकामी होती. मला वाटलं, मी नव्हतो म्हणून वगळलं."

ताईचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तू नेलीस."

म्हणजे चाळीस दिवस कुणीच नव्हतं. कुणाचीतरी खडीसाखर चुकून आपल्या सॅकमध्ये पडत होती. समीक्षाने साक्षीचा कागद चुरगळला आणि ती दाराकडे वळली.

दारात नंदाबाई उभ्या होत्या. त्यांनी चहाची किटली खाली ठेवली, पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि भंडाऱ्याने पिवळी झालेली, तिच्याच नावाची चिठ्ठी तिच्या हातावर ठेवली.

"मला वाटलं, ताईंनी माझी म्हनून ठिवली," त्या म्हणाल्या. "चाळीस म्हनला व्हता तुमी. म्या मोजलं, शेचाळीस भरलं. आता तो वडा आण हिकडं."