दुसऱ्या नळीतला खिळा

दुसऱ्या नळीतला खिळा गंजला होता.

मावशींनी चष्मा पुसला आणि नळी पुन्हा खिडकीच्या उजेडात धरली. शंकाच नको. टोकाशी आणि माथ्याखाली तांबूस ठिपके उठले होते. पहिल्या नळीत साधं पाणी होतं, तिथला खिळा लालभडक झाला होता; तो व्हायलाच हवा होता. तिसरीत ओलावा शोषणारी पांढरी पूड, तिथला ठणठणीत कोरडा. पण दुसरीत उकळून हवा घालवलेलं पाणी होतं, वर तेलाचा थर. पाणी आहे पण हवा नाही, म्हणून तिथला खिळा चकचकीत राहतो, असं पुस्तकात छापलेलं होतं.

मावशी म्हणजे या प्रयोगशाळेच्या शिपाई. नळ्या धुणं, बर्नर पेटवणं, फुटलेल्या काचा वेचणं, यात तीस वर्षं गेली. आज पहिल्यांदाच त्या टेबलाच्या या बाजूला बसल्या होत्या, आपल्या मुलांहून लहान अशा एकोणतीस जणांच्या रांगेत, दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला. सोळाव्या वर्षी त्यांना विज्ञानानंच पाडलं होतं. आता दहावी पदरात पडली, तर निवृत्तीआधी प्रयोगशाळा सहायक होता येणार होतं. वर्षभर सुनेनं भाजी चिरता चिरता प्रश्न विचारले होते. उत्तर चुकलं की ती डोळे वटारायची, आणि सासू मुकाट्यानं पान उलटायची. शेजारणींना ती मोठी गंमत वाटे.

खिळा का गंजला हे मावशींना पक्कं ठाऊक होतं.

सहाही टेबलांवरच्या नळ्या त्यांनीच भरल्या होत्या. गेल्या गुरुवारी पाणी उकळलं आणि तेवढ्यात सभागृहात खुर्च्या मांडायचं फर्मान आलं. खुर्च्यांच्या नादात चंबू रात्रभर उघडा राहिला. सकाळी पाहतात तर गॅस संपलेला. ‘उकळलेलंच आहे की,’ असं मनाला समजावून त्यांनी तेच गार पाणी नळ्यांत ओतलं आणि वर तेल सोडलं.

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. पुढच्या बाकावरची पहिल्या नंबरची मुलगी नळीकडे न बघताच लिहीत होती : दुसरी नळी, गंज नाही. तिच्या शेजारचाही तेच लिहीत होता. सगळ्यांची पेनं एकाच तालात चालली होती.

“मावशी, पुस्तकातलं लिहा आणि मोकळ्या व्हा,” मागून एक पोरगा पुटपुटला. पोरगं मायेनंच सांगत होतं.

लिहिलं असतं तर कुणाला पत्ता लागणार होता? खरं लिहायचं तर आपली चूक आपल्याच अक्षरात कबूल करायची, तीही मुख्याध्यापक दाराशी उभे असताना. वरच्या जागेची शिफारस त्यांच्याच सहीनं जायची होती.

मावशींनी पेन उचललं, खाली ठेवलं. नळीकडे आणखी एकदा पाहिलं. मग दोन ओळी लिहिल्या, आणि हात थांबेना म्हणून पान भरून लिहिलं.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक किरकोळ अंगाचे आणि कमी बोलणारे होते. ते बाकांमधून फिरत आले. पहिल्या नंबरच्या मुलीची नळी त्यांनी उचलली.

“हा खिळा गंजलाय का?”

“नाही सर.”

“बघून सांग.”

तिनं बघितलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. “पण सर, पुस्तकात...”

परीक्षक पुढे सरकले. शेवटच्या बाकापाशी थांबून त्यांनी मावशींचा कागद वाचला. एकदा वाचला, परत वाचला.

“या नळ्या कुणी भरल्या?”

मावशी उठून उभ्या राहिल्या. “मीच भरल्या, सर. चूक माझीच आहे.”

मुख्याध्यापक तरातरा पुढे आले. “म्हणजे तुमच्या निष्काळजीपणामुळे सगळ्या वर्गाचा प्रयोग...”

परीक्षकांनी हात वर केला. “तुम्ही थांबा जरा. मावशी, चूक काय झाली ते तोंडी सांगा.”

मावशींचा आवाज निघाला तो खणखणीत. “पाणी उकळलं की त्यात विरघळलेली हवा निघून जाते, सर. उघडं ठेवलं की परत शिरते. मी रात्रभर उघडं ठेवलं आणि सकाळी वर तेल ओतलं. म्हणजे दाराला कडी घातली, पण चोर आधीच घरात शिरला होता. गंज चढायला पाणीही लागतं आणि हवाही लागते, हे पुस्तकात आहे ते खरंच आहे. ही नळी तेच सांगते आहे, फक्त उलट्या बाजूनं.”

दाराशी उभ्या असलेल्या विज्ञानाच्या तरुण बाईंनी तोंडावर हात धरला. हसू आवरायला की रडू, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“बसा,” परीक्षक म्हणाले. त्यांनी मावशींच्या कागदावर वीसपैकी वीस लिहिले. मग पिशवीतून मंडळाची छापील नमुना-उत्तरपत्रिका काढली, तिच्यातली ‘दुसरी नळी : गंज नाही’ ही ओळ लाल शाईनं खोडली, त्यावर मावशींचं उत्तर शब्दन् शब्द उतरवून घेतलं, आणि उरलेले एकोणतीस कागद त्यावरून तपासायला घेतले.